बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

काही दिवसांपूर्वी परभणी जिल्ह्यातील पालम या गावी संत जनाबाईंवर बोलण्याचा प्रसंग आला होता. जनाबाईंचे गंगाखेड तेथून जवळच. त्या गोदाकाठच्या मुलखात जनाबाईंविषयी बोलणे म्हणजे घरच्या माणसांपुढे घरचीच गोष्ट सांगणे होय. व्याख्यान आटोपल्यावर एक वृद्ध शिक्षक जवळ आले आणि म्हणाले, "जनाबाईंचे ठीक आहे हो. त्यांचा देव त्यांच्या जात्यापासून कधी हललाच नाही. परंतु ज्याची श्रद्धा एकदा मोडली, म्हणून जो दुसऱ्या दारी गेला, आणि तेथेही ज्याच्या पदरी निराशाच आली, त्याने काय करावे? असे कोणी इतिहासात झाले आहे काय?" त्या वेळी घाईघाईने एक नाव सांगून मी त्यांचा निरोप घेतला. पण प्रश्न मोठा होता आणि उत्तर फार तोकडे झाले, ही रुखरुख मनात राहिली. श्रोतेहो, ते अपुरे उत्तर आज पुरे करण्याचा विचार आहे. मी सांगितलेले नाव होते पंडिता रमाबाई.

धर्मांतराच्या कथा आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या गेल्या. मराठवाड्याच्याच संबंधात सांगायचे तर रेव्हरंड नारायण शेषाद्री यांची कथा आहे. १८४३ साली मुंबईस ब्राह्मण घराण्यातील या तरुणाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा केवढी खळबळ उडाली. आणि पुढे याच गृहस्थांनी जालन्यास येऊन शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. परंतु अशा कथांत एक गोष्ट हटकून आढळते. त्या बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंत मोठ्या वेगाने येतात आणि तेथे थांबतात. जणू तेथे प्रवास संपला! त्या पाण्यातून बाहेर आल्यावर त्या माणसाच्या मनाचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. रमाबाईंचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी स्वतःच ते सांगून ठेवले आहे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ कबूल केले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. तो मिळण्यास आणखी आठ वर्षे लागली. त्या आठ वर्षांची ही हकीकत आहे.

तथापि त्या आठ वर्षांचा अर्थ कळण्यासाठी आधीची एक निराशा पाहिली पाहिजे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. पत्नीस संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. पुढे धन सरले आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळ होते नव्हते ते दानधर्मात गेले. व्रते झाली, उपवास झाले, मूर्तींपुढे अनुष्ठाने झाली. देव काही बोलला नाही. आधी वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरली ती सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघे कित्येक मैल अनवाणी चालत, रानातली फळे खात, थंडीत वाळूत अंग पुरून घेत दिवस कंठत होती. वडिलांनी मरतेसमयी मुलीला सांगितले होते की, मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याचीच सेवा कर. हा निरोप मुलीने आयुष्यभर जपला. पण तो देव कोठे आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर दुष्काळात हरवले होते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी त्यांच्या संस्कृतपांडित्याची परीक्षा घेतली आणि रमाबाईंना पंडिता व सरस्वती ह्या पदव्यांनी गौरविले. याच शहरी त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकीत होती. ह्या भावंडांना वाटले, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय! तेथे कोणी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले. भाषा ओळखीची, अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत असलेल्या मुलीला तर अधिकच ओळखीची. परंतु त्या ग्रंथाचा अर्थ तिला लागेना. ही लहानशी घटना ध्यानात ठेवावी, कारण पुढे अनेक वर्षांनी तिचे फळ दिसणार आहे.

भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ त मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. त्यापूर्वी सिल्चर येथे असता पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतील लूककृत शुभवर्तमानाची लहान प्रत सापडली होती. ती त्यांनी आवडीने वाचली. संस्कृत बायबल जेथे मुके राहिले तेथे साध्या बंगालीतील छोटी पुस्तिका बोलू लागली.

पुढचा भाग महाराष्ट्रास परिचित आहे. १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ निघाला, हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्रीशिक्षणासंबंधी साक्ष दिली. याच वेळी एका इंग्रज बाईंकडे त्या इंग्रजी व नवा करार शिकत होत्या, आणि नेहेम्या गोरे म्हणजे पूर्वीचे नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशी त्यांची धर्मचर्चा होत होती. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने त्या लहान मुलीसह विलायतेस गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरीच्या मठवासिनी भगिनींकडे उतरल्या. श्रवणशक्ती मंद असल्यामुळे वैद्यकीचा बेत मात्र सोडावा लागला.

लंडनच्या फुलम भागात या भगिनींचे एक आश्रयस्थान होते. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तेथे ठेवून घेत, त्यांच्याशी प्रेमाने वागत, त्यांना पुनः उभे करीत. रमाबाईंना हे दृश्य नवे होते. अशा बायकांवर दया करणारा धर्म त्यांच्या पाहण्यात नव्हता. हे का करता, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्री विहिरीवर पाणी भरण्यास येते आणि येशू तिच्याजवळ पाणी मागतो. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात पाण्याचाही व्यवहार नसे. म्हणून ती चकित होते. पुढे तो तिला सांगतो की, खरी उपासना ह्या डोंगराशीही बांधलेली नाही आणि यरुशलेमाशीही नाही. आपल्या देशातील माणसाला ह्या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, हे आपण शतकानुशतके तोंडपाठ केले होते. रमाबाईंच्या अंतःकरणात ती विहीर खोल उतरली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात संताप झाला. जोतीराव फुले यांच्यासारखे थोडेच लोक त्यांची बाजू घेणारे निघाले. जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सारा'त ती उघडपणे घेतली. पण श्रोतेहो, आजचा आपला विषय पुण्याचा संताप हा नव्हे. ज्या घरात त्यांनी नव्या धर्माचा आश्रय घेतला त्या घरातच पुढे काय झाले, तो आहे.

वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांचा रमाबाईंवर लोभ होता, यात शंका नाही. त्या स्वतःस त्यांच्या आध्यात्मिक माता मानीत. उभयतांचा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शहा यांनी संपादून प्रसिद्ध केला आहे. तो वाचताना दोन प्रामाणिक स्त्रिया एकमेकींना कशा दुखवीत गेल्या हे दिसून मन खिन्न होते. वाद लहान गोष्टींवरून उठे आणि मोठ्या गोष्टीवर जाई. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडे घातलेला गोड पदार्थही घेत नसत. मठात याचा अर्थ असा लावला गेला की, ही अजून जुन्या जातीला चिकटून आहे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही, माझ्या देशभगिनींनाही येत नाही; अक्षरे हवीतच तर संस्कृत असोत. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत व स्वतः शिकत. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी आक्षेप घेतला. कलकत्त्याच्या पंडितसभेत निर्भयपणे बोललेल्या बाईला हे ऐकून काय वाटले असेल!

त्याहूनही मोठा वाद मतांचा होता. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारिकेच्या पोटी त्याचा जन्म, ह्या सर्वांविषयी त्यांच्या बुद्धीला प्रश्न होते. मठात उत्तर मिळे की, चर्चने जे ठरवले आहे ते नम्रतेने मानावे. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे: मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढले, ते काढून दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू घेण्यासाठी मी ख्रिस्ताकडे आलेले नाही. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांच्यासारखी एखादी उदारमनस्क बाई त्यांचे प्रश्न शांतपणे ऐकून घेई. एरव्ही त्यांच्या वाट्यास संशय येई. शिवाय ख्रिस्ती लोकांत एक पंथ नसून अनेक पंथ आहेत आणि प्रत्येक आपलेच खरे म्हणतो, हेही त्यांना हळूहळू कळत चालले. हिंदू शास्त्रांच्या परस्परविरोधी मतांना कंटाळून त्या येथवर आल्या होत्या. येथेही तोच गलबला!

ही त्यांची दुसरी निराशा. पहिलीपेक्षा ती अधिक बोचणारी असली पाहिजे, कारण पहिल्या वेळी देव हरवला तरी आप्त सोबत होते. ह्या वेळी आप्त, देश आणि लौकिक यांवर पाणी सोडून जे मिळवले त्यातच उणीव दिसत होती. परत फिरावे तर मागचे दार बंद. पुढे जावे तर पुढच्या दारी उभे असलेले लोक अटी सांगत होते. अशा वेळी पुष्कळ माणसे कडवट होतात, किंवा वरवर सर्व मान्य करून आतून रिकामी राहतात. रमाबाईंनी यांपैकी काहीच केले नाही. ज्याविषयी खात्री नाही ते आहे म्हणून सांगावयाचे नाही आणि ज्याची खात्री आहे ते सोडावयाचे नाही, असा मार्ग त्यांनी धरला.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. तेथे १८८७ त त्यांचे 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री' हे इंग्रजी पुस्तक निघाले, बोस्टन येथे साह्यकारी मंडळ स्थापन झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाल्या. १८९० च्या अखेरीस हे सदन पुण्यास आले. बाहेरून पाहता यशाचा काळ होता. आत मात्र तहान तशीच होती, हे त्यांनी मागाहून लिहिले आहे.

त्याच सुमारास पुण्यात घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. हा घाट आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी घातला होता. चहा कोणी घेतला, कोणी केवळ हाती धरला. पण हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरात वादळ उठले. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली. १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषानेही प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याभर चहाचा हा प्रताप! विहिरीवर पाणी मागणारा येशू आणि पेल्यावरून हादरलेले पुणे, ही दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे एकत्र खाणेपिणे ही किती गंभीर गोष्ट आहे ते कळते. ख्रिस्ती मंडळी ज्याला प्रभुभोजन म्हणते, त्यात एकाच भाकरीतून व एकाच प्याल्यातून सर्वांनी घ्यावयाचे असते. अर्थ एवढाच की, येथे कोणी दूरचा नाही. ह्या भोजनाचा विधी करणाऱ्या चर्चलाही तो अर्थ नेहमी पाळता येतो असे नाही, हे रमाबाईंनी विलायतेत अनुभवले होते. आणि पाळला नाही तर काय होते, ते त्या पुण्यात पाहत होत्या.

मग १८९१ साल उजाडले. त्या वर्षी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र आले. हे गृहस्थ कॉर्नवॉल परगण्यात चर्चचे अधिकृत पाद्री होते. विधी यथासांग करीत, प्रवचने देत. १८५१ साली एका रविवारी स्वतःचेच प्रवचन देत असता त्यांच्या ध्यानात आले की, आपण ज्याविषयी बोलत आहो ते आपणांस ठाऊकच नाही. आणि त्या व्यासपीठावरच त्यांच्या मनाचा पालट झाला. रमाबाईंना हे वाचून आरशात पाहिल्यासारखे झाले. बाप्तिस्म्याच्या विधीने माणूस नवा होतो आणि पापाचा पश्चात्ताप करून ते टाकण्याचा निश्चय केला म्हणजे झाले, ही आपली समजूत अपुरी होती, असे त्यांना वाटले. बायबलाविषयीची पुस्तके त्यांनी पुष्कळ वाचली होती. आता ती बाजूला ठेवून त्या बायबलच वाचू लागल्या.

ह्या वाचनात त्यांना काय सापडले? एखादे नवे मत सापडले असे म्हणता येणार नाही. दुष्काळात त्यांच्या आईवडिलांनी देवास प्रसन्न करण्यासाठी शक्य ते सर्व केले होते. मठातही पुष्कळ करावयाचे, मानावयाचे, पाळावयाचे होते. दोन्हीकडे माणसाने वर चढून जावयाचे होते. शास्त्र वाचता वाचता त्यांना असे दिसू लागले की, येथे देव खाली उतरून आला आहे आणि जे द्यावयाचे ते फुकट देत आहे. त्यातही त्यांना हर्ष झाला तो ह्याचा की, हे दान जात पाहून किंवा स्त्रीपुरुष पाहून दिले जात नाही. ज्या स्त्रीला वेद ऐकण्याचा अधिकार नाही असे तिने लहानपणापासून ऐकले, तिच्या दृष्टीने ही केवढी वार्ता होती! त्रैक्यावरील वादाचा निकाल लागला नसेल; पण ज्याच्याविषयी वाद चालला होता त्याची आता ओळख पटली होती. मनाची शांती पुढल्या काही वर्षांत दृढ होत गेली. १८९५ साली लोणावळ्याच्या प्रार्थनामेळाव्यास त्या गेल्या तेव्हा आपल्या मुलींना बरोबर घेऊन गेल्या.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या नव्या श्रद्धेची किंमत शारदासदनाला द्यावी लागली. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली तेथे येऊन बसत. बाईंचे म्हणणे, मी कोणास बोलावीत नाही आणि आलेलीस हाकलूनही देत नाही. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांचे म्हणणे, हे आश्वासनाला धरून नाही. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ मुली काढून नेल्या गेल्या. ज्यांनी राजीनामे दिले ते स्त्रीशिक्षणाचे शत्रू नव्हते, आणि रमाबाईही कपटी नव्हत्या. मनात श्रद्धा पेटलेली असता तटस्थ राहणे आणि वचन पाळणे यांत किती अंतर पडू शकते, हे ह्या प्रकरणावरून दिसते. उभय पक्षांचे दुःख खरे होते.

पण ती श्रद्धा केवळ प्रार्थनेच्या खोलीत राहिली असती तर आज तिची आठवण काढण्याचे प्रयोजन नव्हते. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बावीस वर्षांपूर्वीचे ते उपाशी दिवस रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यास प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगाव येथे आधीच घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्तिसदन झाले. १९०० च्या दुष्काळानंतर गुजरातेतूनही मुली आल्या आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शारदासदनात आरंभी ब्राह्मण मुलींच्या जेवणाखाण्याचे निर्बंध सांभाळले जात. केडगावी आलेल्या मुली अनेक जातींच्या, अनेक प्रांतांच्या होत्या. भुकेने त्यांची जात आधीच पुसून टाकली होती. त्या एका पंक्तीस बसल्या. मला वाटते, फुलमच्या त्या दिवशी वाचलेला चौथा अध्याय येथे पुरा झाला. ज्या देवाचा शोध एका दुष्काळात सुटला होता, त्याची सेवा दुसऱ्या दुष्काळात सापडली.

१९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची एक विलक्षण लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी रडत, मोठ्याने प्रार्थना करीत. पाहुण्यांपैकी कोणाला तो अतिरेक वाटला, कोणाला ईश्वरी कृपा. परदेशी लोकांनी आम्हांस आमच्या रीतीने भक्ती करू द्यावी, असे रमाबाईंचे मत होते. तेथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी ह्या अनुभवावर लिहिलेले छोटे पुस्तक दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत पोहोचले आणि तेथील जागृतीस कारण झाले. केडगावच्या माळावरील प्रार्थना अशी समुद्रापार ऐकू गेली.

ह्याच काळात महाराष्ट्रात दुसरे एक ख्रिस्ती मन अशाच वाटेने चालले होते. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. मनातील विटाळाची कल्पना गळून पडल्यावर पाच वर्षांनी त्या आल्या. टिळकांनाही मिशनच्या चौकटीत गुदमरल्यासारखे होऊ लागले आणि १९१७ साली ती नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसावे, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली त्यांचे निधन झाल्यामुळे ती फार पुढे गेली नाही. रमाबाईंनी पवित्र शास्त्र धरले, टिळकांनी संतांचे भजन धरले. साधन निराळे असले तरी दोघांनीही चर्चवरील रागापायी ख्रिस्ताला सोडले नाही.

आता अखेरची गोष्ट. मराठीत बायबल होते. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी नवा करार १८११ सालीच छापला होता आणि पुढे त्याची अनेक संस्करणे झाली. परंतु ती भाषा मुक्तीतल्या मुलींना जड जाते, असे रमाबाईंना आढळले. खेड्यातून आलेली, नुकती अक्षरओळख झालेली बाई ती वाची आणि अडखळे. कलकत्त्यास संस्कृत बायबल हाती घेऊन अर्थाविना बसलेली ती मुलगी रमाबाई विसरल्या नव्हत्या. वाँटेजच्या क्रुसावरची लॅटिन अक्षरेही विसरल्या नव्हत्या. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथावरून सर्व बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करण्यास आरंभ केला. संस्कृताची सरस्वती आपले संस्कृत बाजूस ठेवून बायकांची बोली शोधू लागली! हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. म्हणजे ज्या हातांना ग्रंथाचा स्पर्श वर्ज्य होता त्याच हातांनी तो घडवला.

१९२१ साली मनोरमा गेली. पती, भाऊ, आईबाप सर्व गेलेच होते. आता कामाची वारसदार असलेली एकुलती मुलगीही गेली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. मुक्तीत अशी आठवण सांगतात की, अखेरची मुद्रिते तपासून झाल्यावर अल्पावधीतच त्यांनी देह ठेवला. तो दिवस ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. त्याचा प्रसार फार झाला नाही, हे खरे आहे. मुळास चिकटून राहण्याच्या आग्रहाने वाक्यरचना ठिकठिकाणी ओढाताणीची झाली आहे आणि मराठी ख्रिस्ती मंडळींत प्रचार राहिला तो बायबल सोसायटीच्या भाषांतराचाच. पण एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलाचे भाषांतर पुरे करावे, हा पराक्रम जगाच्या इतिहासात विरळा आहे.

आता पालमच्या त्या वृद्ध गृहस्थांकडे वळतो. गुरुजी, आपण विचारले होते की, दोन्ही दारी निराशा आली तर माणसाने काय करावे. रमाबाईंनी काय केले ते मी सांगू शकतो. जे कळत नव्हते ते कळल्याचे सोंग त्यांनी केले नाही. दुसऱ्यांनी सांगितलेला ग्रंथ ऐकण्याचे सोडून तो स्वतः वाचला. वाचून जे मिळाले ते घेऊन त्या भुकेल्या माणसांच्या पंक्तीस जाऊन बसल्या. अखेर तोच ग्रंथ त्या माणसांच्या भाषेत आणण्यात त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. त्यांचा देव आपणांस पटो वा न पटो, हा क्रम विचार करण्यासारखा आहे. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी देवाशी बोलण्यासाठी कोणाची भाषा उसनी घेतली नव्हती. जाते ओढताना जी तोंडात आली तीच त्यांना पुरली. रमाबाईंना तेथे पोहोचण्यास संस्कृत, बंगाली, इंग्रजी, ग्रीक आणि हिब्रू इतक्या भाषा ओलांडाव्या लागल्या. पण त्या जेथे येऊन थांबल्या ती जागा जनाबाईंच्या जात्यापासून फार लांब नव्हती.